अंगणातून पाहिलेली हवेली

लातुरात आमच्या गल्लीत घर मोजायचं माप एकच होतं. कॉट. कुणी किती खोल्यांचं घर बांधलं हे कुणी विचारत नसे. किती कॉटचं बांधलं, असं विचारत. बारावीची आणि मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं चहूकडून गावात उतरत होती आणि आम्ही त्यांना खोल्या देत होतो, कॉटच्या हिशेबानं. आधी जास्तीच्या खोल्या दिल्या, मग लागणाऱ्याही दिल्या. आम्ही नवरा-बायको स्वतःच्या घरात जिन्याखाली झोपायचो. देवघर जरा हवेशीर होतं, म्हणून ते नायगावकडच्या एका मुलीला दिलं आणि देव स्वयंपाकघरातल्या मांडणीवर मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांमध्ये येऊन बसले. मुलीची आई खोली बघून खूश झाली. जागा आधीच पवित्र आहे, पोरीचा अभ्यास चांगला होईल, म्हणाली. देवांची सोय कुठं लावली हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वर्षभर गल्ली कुजबुजत बोलायची. कुकरच्या शिट्टीनं पोरांचं लक्ष उडतं म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. माझ्या नणंदेनं फेब्रुवारीत मुलीचं लग्न काढलं तेव्हा गल्लीनं तिच्याशी बोलणं सोडलं. शेवटी बँड वाजवायचा नाही या अटीवर वरात आमच्या दारावरून गेली. वऱ्हाडी असे मान खाली घालून चालले होते की समोरच्या दुकानदारानं अर्धं शटर ओढून घेतलं.

दिवाळीत पोरं गावाला जात तेव्हा घर आठ-दहा दिवस आमचं असे. भाऊबीज झाली की आम्ही बायका एक जीप ठरवून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचो. त्या वर्षी कोपऱ्यावरच्या वहिनींचा गुडघा धरला आणि माहूरच्या पायऱ्या त्यांना नको झाल्या. वहिनी आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्या. वयानं नव्हे, मजल्यांनी. त्यांच्याकडे राहिलेला एक मुलगा एकदा बोर्डात आला होता. वहिनींनी त्याचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आणि प्रेमानं त्याला हार घातला. पुढच्या महिन्यात मुलाचे वडील पेढे घेऊन आले, दारातून फोटो दिसला आणि ते तिथंच मटकन खाली बसले. हार काढला, पण फोटो राहिला. तो मुलगा ज्या कॉटवर झोपायचा तिला नंतर कायम जास्त भाडं आलं. तिच्यावर पुढं झोपलेल्या एकाही पोराला मेडिकल मिळालं नाही, पण हे कुणी मोजत नव्हतं.

तर पायऱ्या नसलेलं ठिकाण हवं होतं. मी कॉलेजात इतिहास घेतला होता, पुढं त्याचा उपयोग झाला नव्हता. रविवारच्या पुरवणीत नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका हवेलीबद्दल चार ओळी आल्या होत्या: निजामाच्या काळातली, लाकडी छत, रंगीत काचा, नांदेडकरांनाही माहीत नसलेली. मी सुचवलं. वहिनींनी एवढंच विचारलं की जिना चढावा लागतो का. मी म्हटलं, खालूनही बघता येत असेल. सकाळी हवेली, दुपारी गुरुद्वाऱ्यात दर्शन आणि लंगर, संध्याकाळी परत, असं ठरलं. पण गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी हवेली हा शब्द ऐकून माघार घेतली. घरंच बघायची तर इथं काय कमी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. त्यामुळे जीपमध्ये आम्ही तिघीच उरलो. मी, वहिनी आणि अक्का.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं घर किल्लारीकडच्या एका खेड्यात, दगडमातीचं. भूकंपात ते बसलं आणि थोरले दीर त्यात गेले. अक्का त्या रात्री अंगणात झोपल्या होत्या म्हणून राहिल्या. सरकारनं पुनर्वसनाच्या गावात त्यांना घर दिलं, सगळ्यांसारखंच, ओळीतलं. एकदा बाजाराहून येताना त्या दुसऱ्याच्याच घरात शिरल्या होत्या. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग पत्ता सांगितला. वर्षातले काही महिने त्या आमच्याकडे येऊन राहत. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी कधी सांगितला नाही, पण आम्हाला कळला होता. दगडी भिंतीच्या आत त्या पाऊल ठेवत नसत. स्लॅब चालत असे, पत्रा चालत असे, उघडं अंगण चालत असे. देवळात त्या बाहेरूनच हात जोडत, माहूरलासुद्धा.

तसा हा नियम आमच्या भागात कमीजास्त सगळ्यांचाच झाला होता. भूकंपानंतर लोक घर बघायला आले की पाणी कुठून येतं हे नंतर विचारत, कॉलम किती हे आधी. मुलगी बघायला येणारेही आधी वर बघत. एका ठिकाणी तर पोहे यायच्या आत मुलाच्या मामानं भिंतीला कान लावून टिचकी मारून पाहिली होती.

हवेली दगडी आहे हे मी अक्कांना आधी सांगितलं नव्हतं, कारण हवेली म्हटलं की त्यांना कळेल असं मला वाटलं. त्यांना कळलंही होतं. तरी त्या म्हणाल्या, "तुमी बघा आत. मी जीपमधी बसते. तेवढाच गावाबाहेर वारा."

आम्ही अहमदपूरला चहा घेतला, लोह्याला पेरू घेतले आणि अकराच्या सुमारास नांदेडात शिरलो. हवेली सापडायला वेळ लागला. जिथं विचारावं तिथं लोक आम्हाला दुसऱ्याच एखाद्या जुन्या इमारतीकडे पाठवत. एकानं तर सरळ गुरुद्वाऱ्याचा रस्ता दाखवला. लातूरची जीप बघून त्याला दुसरं काही सुचलंच नसावं. शेवटी नदीकडच्या एका बोळाच्या तोंडाशी जीप थांबवून आम्ही चालत गेलो, अक्काही आल्या. स्कूटर दुरुस्तीचं दुकान आणि एका शिंप्याचं दुकान यांच्या मधोमध एक भलंमोठं लाकडी दार होतं. त्याच्या अंगातलं छोटं दार उघडं होतं. पडझड, झुडपं, वटवाघळं असं काहीतरी मी मनात धरून आले होते. आत तर झाडलेलं, सारवल्यासारखं स्वच्छ फरशीचं अंगण होतं, मधे कोरडा हौद, कडेला डाळिंबाचं झाड आणि दोरीवर पिवळ्याधमक चादरी.

चादरींच्या मागून एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील, ताठ, चष्मा साखळीला अडकवलेला. त्या उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या हे नंतर कळलं, पण त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर माझी बोटं आपोआप पदराखाली गेली, नखं तपासतील म्हणून. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची. आम्हीही तेच म्हटलं.

मी म्हटलं, "आम्ही लातूरहून आलोय. हवेली बघायची होती."

"या की," आपा म्हणाल्या. "वाटच बघत होते तुमची."

पुरवणीतल्या चार ओळींचा हा परिणाम असेल, लोक येत असतील, असं मला वाटलं. आपांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का डाळिंबाखालच्या दगडी बाकावर बसल्या आणि पायाला रग लागली म्हणाल्या. आपांनी आम्हा दोघींना आत नेलं.

हवेली दाखवायची त्यांची पद्धत मला पहिल्यांदा फारच वेगळी वाटली. उंबऱ्यातच त्यांनी सांगितलं की पाया चुन्यात बांधलेला आहे, मातीत नाही, आणि भूकंपात एक चिरा हलला नाही. मग नळ दाखवला, वेगळं मीटर दाखवलं. दिवाणखान्यात आम्ही वर पाहिलं तर सबंध छत लाकडाचं, त्यावर वेलबुट्टी कोरलेली, मधोमध कमळ. मी बघतच राहिले. आपांना ते आवडलं नसावं.

"हे डोळ्याला खुपत असेल तर खालून पीओपी मारता येतं," त्या म्हणाल्या. "कळणारसुद्धा नाही."

हे कुणी बांधलं, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं की कागदपत्रं साफ आहेत, भावाभावांत भांडण नाही. किती जुनं, असं विचारलं, तर म्हणाल्या की तसं काही फार जुनं नाही. उपवर मुलीचं वय सांगावं तसं त्यांनी हवेलीचं वय सांगितलं. कोनाड्यांच्या एका ओळीपाशी मी थांबले तेव्हा त्यांनी कोनाडे बुजवून भिंत सपाट करून द्यायची तयारी दाखवली. वरच्या खिडकीला लाल, हिरव्या आणि निळ्या काचा होत्या. त्या काढून साध्या बसवतो, पोरांना उजेड लागतो, असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरांना, म्हणजे कोणाच्या पोरांना?

कुणीतरी लातूरची पार्टी ही हवेली क्लाससाठी, नाहीतर होस्टेलसाठी भाड्यानं घ्यायला येणार होती, आणि ती पार्टी आम्ही आहोत असा आपांचा समज झाला होता. मी वहिनींना कोपरानं ढोसलं आणि हळूच सांगितलं. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.

"गप बसा हो," वहिनी पुटपुटल्या. "बघून तर घेऊ."

आणि वहिनी बघायला लागल्या. गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठं पळालं. जिना, जो चढायचा नव्हता, तो त्या माझ्या पुढं चढल्या. दिवाणखान्यात त्यांनी दोन रांगा आणि मधून वाट बसवली. जनानखान्यात भिंतीला लावून एक रांग आणि खिडकीशी दोन आडव्या. लांबरुंद सज्जा त्यांनी क्षणभर बघितला आणि म्हणाल्या की हितं कपडे वाळत घालायला बरं. कोनाडे बुजवू नका, त्यांत पुस्तकं बसतील, असंही त्यांनी आपांना सांगितलं. हवेलीचं एवढंच काय ते जतन त्या दिवशी वहिनींच्या हातून झालं. मी त्यांच्या मागून चालत होते, मनातून कानकोंडी झाले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही आता भिंती दिसत नव्हत्या. वहिनींनी रांग चुकीची लावली, दार उघडताना कॉटला लागेल, हे माझ्या लक्षात आलं आणि मी तसं बोलूनही गेले. आपांनी कौतुकानं मान डोलावली. पार्टी अनुभवी आहे, अशी त्यांची खात्री झाली.

आम्ही खाली आलो तेव्हा अंगणात एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला मोबाइलचं पाकीट, हातात मोजमापाची टेप. त्यांनी आपांना नमस्कार केला. आपण लातूरहून आलो, क्लासच्या जागेचं दलालामार्फत बोलणं झालं होतं, रस्त्यात गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला, असं ते अदबीनं म्हणाले.

आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आमच्याकडे वळल्या. "मग तुम्ही कोण?"

मी सांगितलं की आम्ही फक्त बघायला आलो होतो.

"काय बघायला?"

"हवेली."

"ते कळलं. पण कशासाठी?"

वहिनी डगमगल्या नाहीत. आमचंही होस्टेलच आहे, आम्हीही विचार करू शकतो, असं त्या क्लासवाल्या सरांकडे बघत म्हणाल्या. सरांचा चेहरा पडला. लातूरहून आणखी एक पार्टी आली आहे, आणि ती आधी आत जाऊन आली आहे, हे त्यांनी मनात नोंदवलेलं स्पष्ट दिसलं. आपांनाही ते दिसलं. त्यांनी वहिनींचं बोलणं खोडून काढलं नाही. सरांना त्या म्हणाल्या, जा, मापं घ्या, दारं उघडीच आहेत. आम्हाला त्यांनी चहासाठी बसवून घेतलं. रागावल्या आहेत की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा चेहरा तो.

अक्का बाकावरच होत्या. आम्ही आत असताना आपांच्या भाचेसुनेनं त्यांना दोनदा आत बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी पाय दुखतो म्हणून सांगितलं होतं. आता आपा त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि पायाला तेल लावून देऊ का, असं विचारलं.

अक्कांनी पाय बाकाखाली ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पाय बरा हाय. दगडाच्या घरात जात न्हाई मी. किल्लारीकडची हाय."

आपांनी चष्मा साखळीवर सोडून दिला. चहा आला, तो अक्कांच्या हातात दिला.

"मग इथंच बसा," त्या म्हणाल्या. "घर मी इथून दाखवते."

आणि बाकावर बसल्या बसल्या त्यांनी हवेली दाखवली. आम्ही दोघी जी उभीआडवी फिरून आलो होतो, तीच ही हवेली, यावर विश्वास बसेना. आपांचे आजोबा निजामाच्या करोडगिरीत अधिकारी होते. करोडगिरी म्हणजे जकात. नदीवरून जो माल येई-जाई त्यावर त्यांची नजर होती, आणि हातही होता. लोक म्हणायचे की हवेलीचे खांब कापसाचे आहेत, जिना सुपारीचा आणि छत तुपाचं. म्हणजे ज्या ज्या मालावर आजोबांनी वरकमाई केली त्या त्या मालाचं नाव त्या त्या भागाला. लहानपणी आपांना ते खरंच वाटायचं. कधीतरी उन्हाळ्यात छत वितळेल आणि आपल्या पानात तूप पडेल याची त्या वाट बघायच्या. हे सांगताना आजोबांना लपवावं असं त्यांना वाटलं नाही. चोर होते म्हणून हौस तरी केली, प्रामाणिक असते तर आज मी पत्र्यात राहिले असते, असं म्हणाल्या.

अक्कांनी वरच्या रंगीत खिडकीकडे बोट केलं. त्या काचा हैदराबादेहून बैलगाडीनं आल्या होत्या. वाटेत पिवळ्या तेवढ्या सगळ्या फुटल्या, म्हणून पिवळी एकही नाही. आपांच्या आजीला निळी काच प्यारी होती. वैशाखाच्या दुपारी ती निळ्या काचेला नाक लावून अंगण बघायची आणि खाली ओरडून सांगायची की आभाळ भरून आलंय, कपडे काढा. नव्या मोलकरणी खरंच पळत कपडे काढायच्या.

कोनाडे पोरांचे होते. एकेका पोराचा एकेक. आपा सगळ्यांत बुटक्या म्हणून त्यांचा सगळ्यांत खालचा, आणि त्यात मांजर व्यायची. पुढं नोकरी लागायच्या आधी त्यांनी त्याच दिवाणखान्यात गल्लीतल्या मुली जमवून शिकवायला सुरुवात केली. आसपासच्या घरांतल्या येत, मागच्या बौद्धवाड्यातल्याही येत. एवढ्यात सर टेप गुंडाळत बाहेर आले होते. शिकवण्याचं बोलणं कानावर पडल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी मनापासून विचारलं की तेव्हा कोणता पॅटर्न होता.

"पाढे," आपा म्हणाल्या.

सरांनी मान हलवली आणि तेही पायरीवर बसले.

मग अक्कांनी त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. भूकंप झाला तेव्हा हे घर हललं का?

हललं, आपा म्हणाल्या. भांडी पडली, दिवाणखान्यातलं झुंबर पडलं. मघाशी आम्हाला एक चिरा हलला नाही असं सांगितलं होतं, ते त्यांनी आमच्यासमोरच मागं घेतलं आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. सगळी गल्ली या अंगणात आली होती, कारण एवढं उघडं दुसरं काही जवळ नव्हतं. हौदाच्या कडेनं विटांच्या चुली मांडल्या. कितीतरी दिवस आपा स्वतः आत गेल्या नाहीत. भाच्याला पाठवून कपडे मागवायच्या.

"मग गेलात कशा परत?" अक्कांनी विचारलं.

"पाऊस आला," आपा म्हणाल्या. "भिजायला लागले, म्हणून गेले."

अक्कांना हसू आलं. मोठ्यानं नव्हे, पण खांदे हलले. मी त्यांना इतक्या वर्षांत भूकंपाच्या बोलण्यावर हसताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तो विषय निघाला की सगळे आवाज खाली करत, कुणीतरी धीर धरा म्हणे, देवाची करणी म्हणे. भिजायला लागले म्हणून गेले, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आपांनी मला वर जाऊन खिडकी उघडायला सांगितली, काचा अक्कांना उन्हात नीट दिसाव्यात म्हणून. मी वर गेले. खिडकी जड होती आणि कडी गंजलेली. ओढताना माझी बांगडी फुटली. उघडायच्या आधी मी निळ्या काचेतून खाली पाहिलं. अंगण खरंच ढगाळ दिसत होतं. बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, अक्का मान वर करून खिडकीत कुणी दिसतंय का ते बघत होत्या आणि वहिनी हौदाच्या कडेनं चालत, पावलांनी काहीतरी मोजत होत्या. मग मी खिडकीचं दार ढकललं आणि अक्कांनी हात वर केला.

खाली आले तेव्हा व्यवहाराला वेगळंच वळण लागलं होतं. सरांना आता पीओपी नको होतं. छत तसंच ठेवा, काचा तशाच ठेवा, आपण जाहिरातीत ऐतिहासिक वास्तूत शिक्षण असं टाकू, असं ते म्हणत होते. करोडगिरीच्या आजोबांचं मात्र त्यांना थोर शिक्षणप्रेमी करायचं होतं.

आपांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. "मग भाडं बदलेल," त्या म्हणाल्या. "मघाचं भाडं साध्या घराचं होतं."

वहिनी ताबडतोब म्हणाल्या की आमचा विचार अजून चालू आहे. आपांनी त्यांच्याकडे अशा ममतेनं पाहिलं की त्या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी वाटाव्यात. निघताना त्यांनी वहिनींना डाळिंबं दिली, आम्हाला दिली त्यापेक्षा मोठी.

गुरुद्वाऱ्यात आम्ही उशिरा पोचलो. लंगरच्या पंगतीत बसल्यावर वहिनींनी दालनाच्या लांबीकडे एकदा नजर टाकली आणि मी त्यांच्या पानात डाळ वाढायला सांगून त्यांचं लक्ष खाली आणलं. परतीच्या वाटेवर लोह्याच्या पुढं त्या झोपल्या. अक्का जाग्या होत्या. आजी निळ्या काचेतून बघायची तेव्हा उभी राहायची की बसायची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खिडकी खालपर्यंत आहे, बसूनच बघत असेल. त्यांना ते पटलं. म्हातारं माणूस किती वेळ उभं राहील, म्हणाल्या.

हवेली क्लासला गेली. वाढलेल्या भाड्यानं गेली, हे सांगायला नको. बाहेर मोठा बोर्ड लागला, त्यावर छताच्या कमळाचं चित्र होतं. पण सरांचा एक हिशेब चुकला. पोरं आमच्याच भागातून यायची होती, आणि त्यांचे आईबाप बोर्ड वाचून आत येत, भिंत दगडी आहे असं बघत आणि पोराचा हात धरून समोरच्या नव्या सिमेंटच्या इमारतीतल्या क्लासमध्ये नेत. ऐतिहासिक हा शब्द ज्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता त्यांना तो जाहिरातीत नको होता. दोन-तीन वर्षांत क्लास उठला. मागं प्लायवूडच्या भिंती तेवढ्या राहिल्या. त्या आपांनी काढून शिंप्याला दिल्या, त्यानं कापड बेतायचं टेबल केलं.

वहिनींनी तिसऱ्या मजल्याला सिमेंटच्या महिरपी काढल्या आणि खिडक्यांना लाल-हिरवे प्लास्टिकचे पत्रे बसवले. पिवळाही बसवला, कारण पिवळा फुटला नव्हता. दुपारी पोरांच्या वह्या हिरव्या दिसायच्या आणि रसायनशास्त्राच्या एका पोरानं द्रावणाचा रंग ओळखता येत नाही अशी तक्रार केली. त्याला खालच्या मजल्यावर हलवलं. महिरपीच्या कॉटचं भाडं बिनमहिरपीपेक्षा जास्त होतं आणि लोक ते देत होते. कॉलम किती, हे वहिनी न विचारताच सांगत.

अक्कांच्या डोळ्यांवर नांदेडच्या एका डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, तेव्हापासून त्या तिकडं जात तेव्हा हवेलीच्या अंगणात थांबत. एसटीनं एकट्या जायच्या, आपांसाठी मी केलेली शेंगदाण्याची चटणी न्यायच्या आणि येताना एखादं पिवळं सुती कापड घेऊन यायच्या. हवेलीतल्या चादरीही पिवळ्याच असायच्या. का ते मी कधी विचारलं नाही. एकदा जुलैत गेल्या आणि मुक्काम करून आल्या. कुठं झोपलात, मी विचारलं.

"ओसरीवर," अक्का म्हणाल्या. "पाऊस व्हता."

त्यांनी पिशवीतनं चटणीची रिकामी बरणी काढून मोरीत ठेवली आणि सांगितलं की आपांना ती जरा तिखट लागली, पुढच्या खेपेला लसूण कमी घाल.